निशिझाका, सकाळी दहा

५ फेब्रुवारी १५९७, बुधवार. जपानमधल्या नागासाकी बंदराच्या वेशीबाहेर, निशिझाका नावाच्या टेकडीवर, २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय (जेझुइट) आणि सतरा साधे प्रापंचिक. त्यांत सुतार होता, धनुष्ये बनवणारा होता, दुभाषे होते, तीन लहान मुलगे होते.

एक जण वसईचा होता. बंधू गोन्सालो गार्सिया, वय सुमारे ४०. बाप पोर्तुगीज, आई इथली.

शेवट आधीच सांगून टाकला, कारण तो सगळ्यांना ठाऊक आहे. पाहायचे आहेत ते मधले दिवस आणि शेवटचे तास. त्या काळात सुटकेची वाट कितीदा समोर आली, ती कुणी सोडली आणि कशासाठी सोडली.

वेळांबद्दल एवढेच. जपानमध्ये तेव्हा सूर्योदय ते सूर्यास्त असा दिवसाचा काळ सहा भागांत मोजत. हिवाळ्यात हे भाग आखूड होत. पुढच्या वेळा त्यामुळे सुमाराच्या आहेत. तारखा युरोपीय पंचांगाच्या आहेत.

वसई, सोळाव्या शतकाचा मध्य

हे मी वडोदऱ्यातल्या तरसालीत लिहितो आहे. तरसालीजवळून जाणारा महामार्ग दक्षिणेला भरूच, सुरत, वापी मागे टाकत वसईच्या पूर्व अंगाने मुंबईकडे जातो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला वडोदरा आणि वसई, दोन्ही गुजरातच्या एकाच सुलतानाकडे होती. २३ डिसेंबर १५३४ रोजी बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यानंतर वीसेक वर्षांनी गोन्सालो जन्मला.

वसईच्या किल्ल्यात तो येशूसंघीयांकडे शिकला. पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्याला लवकर आली. धर्मशिक्षणाच्या कामात त्याने तिथे काही वर्षे काढली, पण येशूसंघात त्याला प्रवेश मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला, आणि तो चांगला चालला. पुढे तो मनिलाला गेला. तिथे व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला, तोही धर्मगुरू म्हणून नाही, साधा बंधू म्हणून.

संघाला त्याची गरज होती, कारण त्याला जपानी येत होते. याच कारणामुळे तो निशिझाकाला पोहोचला.

२४ जुलै १५८७. साडेनऊ वर्षे आधी

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी फर्मान काढतो: परदेशी मिशनऱ्यांनी वीस दिवसांत देश सोडावा.

फर्मान कागदावर राहते. पोर्तुगीज जहाजांबरोबर येणारे रेशीम हिदेयोशीला हवे असते. येशूसंघीय आवाज खाली आणतात, उघड प्रवचने थांबवतात आणि राहतात. फर्मान कुणी मागे घेत नाही. ते तसेच पडून आहे, याची आठवण पुढे सगळ्यांनी ठेवायला हवी होती.

१५९३. साडेतीन वर्षे आधी

फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे वकील म्हणून चार फ्रान्सिस्कन हिदेयोशीपुढे उभे राहतात. प्रमुख फादर पेद्रो बाप्तिस्ता. बोलतो गोन्सालो. स्पॅनिश कान आणि जपानचा सर्वांत बलाढ्य माणूस यांच्यामध्ये वसईचा हा एक बंधू आहे.

भेट बरी होते. त्यांना क्योतोत राहायला परवानगी मिळते, पुढे जागाही मिळते. ते चर्च बांधतात. शेजारी दोन रुग्णालये उभी करतात आणि कुष्ठरोग्यांना आत घेतात. मिस्सा उघडपणे होते, दारे सताड असतात.

येशूसंघीय त्यांना सावध करतात. फर्मान अजून उभे आहे, इतके उघड वागू नका. फ्रान्सिस्कनांचे म्हणणे वेगळे पडते: परवानगी खुद्द हिदेयोशीने दिली आहे. दोन संघांत आधीपासून चुरस आहे, त्यामुळे सल्ल्यात सल्ला कमी आणि हेवा जास्त ऐकू येतो. हा पहिला चुकलेला इशारा. मला तो फार बोचतो, कारण दोन्हीकडे प्रामाणिक माणसे होती.

५ सप्टेंबर १५९६, मध्यरात्रीच्या सुमारास. १५३ दिवस आधी

क्योतोजवळ मोठा भूकंप. हिदेयोशीचा फुशिमीचा नवा किल्ला कोसळतो. कोरियातल्या युद्धाने खजिना आधीच खाल्लेला असतो. आता बांधकामाचा खर्च वाढतो. त्याला पैसा हवा आहे.

१९ ऑक्टोबर १५९६. १०९ दिवस आधी

मनिलाहून मेक्सिकोला निघालेले 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज वादळांनी मोडकळीला येऊन शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागते. स्थानिक सरदार चोसोकाबे मोतोचिकाची माणसे ते उरादो बंदरात ओढून नेण्याचा आग्रह धरतात. वाटेत जहाज वाळूच्या दांड्यावर आपटते आणि त्याचा कणा मोडतो.

जहाजावर लाखो पेसोंचा माल आहे. फेलिपे दे जेझुस नावाचा एक तरुण फ्रान्सिस्कनही आहे. तो दीक्षा घ्यायला मेक्सिकोला, आपल्या घरी, चालला होता. जपानशी त्याचा काही संबंध नव्हता.

मोतोचिका कप्तानाला सुचवतो, दरबारात माझा मित्र माशिता नागामोरी आहे, त्याच्यामार्फत बोला. कप्तान ते ऐकतो. नागामोरी हिदेयोशीला सल्ला देतो: माल जप्त करावा. मदत मागायला गेलेला माणूस नेमका जप्तीच्या दारात जाऊन उभा राहिला.

नोव्हेंबर १५९६. सुमारे ८० दिवस आधी

माल जप्त करायला नागामोरी स्वतः उरादोला येतो. त्या वेळी जहाजाच्या सुकाणूदाराने जगाचा नकाशा उघडून स्पेनच्या राज्याचा विस्तार दाखवला, असे सांगितले जाते. एवढा मुलूख कसा मिळवला, असे विचारल्यावर तो म्हणाला म्हणे की आधी धर्मगुरू जातात, मग सैन्य येते.

तो नेमके काय बोलला यावर दोन्ही संघ पुढे वर्षानुवर्षे भांडले. पण एक गोष्ट सरळ मान्य करायला हवी. हिदेयोशीची भीती निराधार नव्हती. फिलिपिन्समध्ये स्पेनचे सैनिक आणि धर्मगुरू एकाच जहाजांतून उतरले होते. निशिझाकाच्या २६ जणांपैकी एकाच्याही हातात शस्त्र नव्हते, हेही तितकेच खरे. साम्राज्याचे पाप त्यांच्या नावावर लिहिले गेले.

८ डिसेंबर १५९६. ५९ दिवस आधी

क्योतो आणि ओसाका इथल्या फ्रान्सिस्कन घरांवर पहारे बसतात. आज त्या चर्चशी संबंध असलेल्यांची नावे लिहून घेतली जातात.

यादी इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याच्या हाती येते. तो ती वाढवत नाही, कमी करतो. हिदेयोशीचा राग फिलिपिन्सहून आलेल्यांवर आहे, जुन्या येशूसंघीयांवर नाही, असा अर्थ लावून तो बरीच नावे गाळतो.

ओसाकाच्या येशूसंघीय घरात लिहिलेली तीन नावे मात्र राहून जातात. पॉल मिकी, वय ३३, उत्तम प्रवचनकार, धर्मगुरूची दीक्षा जवळ आलेली. जुआन सोआन, वय १९. दिएगो किसाई, वय ६४. आदेशाच्या अर्थाप्रमाणे हे तिघे त्यात बसतच नव्हते. पण पहारेकऱ्यांच्या कागदावर नावे होती आणि ती कुणी खोडली नाहीत.

डिसेंबरअखेर. महिनाभर आधी

क्योतोच्या फ्रान्सिस्कन घरात शिपाई यादी वाचतात. मथियास हे नाव येते. मथियास बाजारहाटाला बाहेर गेलेला असतो. शिपाई पुन्हा हाक मारतात.

शेजारचा एक माणूस पुढे होतो. माझेही नाव मथियास, तो सांगतो. मीही ख्रिस्ती आहे. शिपायांना नाव जुळल्याशी मतलब. ते त्याला घेऊन जातात.

या माणसाबद्दल इतिहासाला याहून फारसे ठाऊक नाही. पण या सगळ्या हकिकतीत माझे मन सर्वांत जास्त त्याच्यापाशी थांबते. त्याला कुणी बोलावले नव्हते. हाक दुसऱ्यासाठी होती. ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यात नेमके हेच आहे: दुसऱ्याच्या नावाची शिक्षा कुणीतरी आपल्या अंगावर घेतली, आणि घेतली ती प्रेमाने, भाग पडले म्हणून नाही. क्योतोच्या एका दारात, शिपायांसमोर, एका अनोळखी माणसाने ते काही क्षणांत करून दाखवले.

३ जानेवारी १५९७. ३३ दिवस आधी

क्योतोतला एक चौक. हिदेयोशीचा हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा आहे. मित्सुनारी तो सौम्य करतो: डाव्या कानाचा तुकडा.

२४ जणांचे कान कापले जातात. मग त्यांना बैलगाड्यांवर बसवून शहरातून फिरवतात. पुढे ओसाका आणि साकाई इथेही धिंड निघते. हेतू लाज आणण्याचा. काही ठिकाणी गर्दी गप्प राहते.

जानेवारीचा दुसरा आठवडा. सुमारे चार आठवडे आधी

शिक्षा ठरते: नागासाकी, क्रूस. तिथे ख्रिस्ती लोक सर्वाधिक आहेत, म्हणून तिथेच. लोकांनी पाहावे आणि घाबरावे.

क्योतो ते नागासाकी सुमारे ८०० किलोमीटर. हे अंतर बहुतांशी पायी, ऐन थंडीत कापायचे. पुढे भाल्याला टांगलेली पाटी. तिच्यावर लिहिलेले: हे लोक वकील म्हणून फिलिपिन्सहून आले आणि मी मना केलेला धर्म शिकवत राहिले, म्हणून त्यांना आणि त्यांना मिळालेल्या जपान्यांना मृत्युदंड. आकडा २४.

हिमेजी, ओकायामा, मिहारा, हिरोशिमा, शिमोनोसेकी. प्रत्येक गावात पाटी वाचली जाते.

वाटेत आकडा बदलतो. पेद्रो सुकेजिरो हा तरुण कैद्यांची काळजी घ्यायला पाठवलेला असतो. क्योतोतल्या एका येशूसंघीय धर्मगुरूने त्याला खर्चाला पैसेही दिलेले असतात. फ्रान्सिस्को नावाचा क्योतोचा सुतार आपल्या मनाने मागे चालत येतो. शिपाई दोघांना हटकतात. तुम्हीही ख्रिस्ती का? दोघेही हो म्हणतात. शिपाई त्यांनाही बांधतात.

चोवीसचे सव्वीस झाले. पाटी तीच राहिली.

१९ जानेवारी, रात्र. १७ दिवस आधी

मिहारा किल्ला. चौदा वर्षांचा तोमास कोझाकी आईला पत्र लिहितो. बाप मिगेल, धनुष्ये बनवणारा, त्याच्याच बरोबर बांधलेला आहे. मुलगा आईला सांगतो की आमची काळजी करू नकोस. धाकट्या भावंडांना श्रद्धेत वाढव.

पत्र पोहोचत नाही. नागासाकीत ते बापाच्या अंगावरच्या कपड्यांत सापडेल, रक्ताने माखलेले.

१ फेब्रुवारीच्या सुमारास. चार दिवस आधी

कारात्सू परिसर. शिक्षा अमलात आणण्याची जबाबदारी तेराझावा हानझाबुरोवर येते. नागासाकीचा कारभार त्याच्या भावाकडे आहे आणि भाऊ कोरियाच्या युद्धात अडकला आहे.

हानझाबुरो कैदी मोजून ताब्यात घेतो. त्यात त्याला पॉल मिकी दिसतो. दोघे एकमेकांना ओळखतात. हानझाबुरोने मिकीची प्रवचने ऐकलेली आहेत.

मग त्याची नजर लुइस इबाराकीवर जाते. वय बारा. सगळ्यांत लहान. तो मुलाला सांगतो, ख्रिस्ती धर्म सोड, माझ्याकडे राहा, वाचशील. मुलगा नकार देतो. काही काळाचे जगणे घेऊन कायमचे जगणे सोडण्यात त्याला शहाणपण वाटत नाही.

हानझाबुरोला आदेश मोडण्याचा अधिकार नव्हता. पण कैद्यांची अवस्था पाहून तो हलला होता, असे साक्षी सांगतात. त्याच्या हातात होते तेवढे त्याने दिले. पाप्याचा उद्धार म्हणताना आपण नेहमी दुष्टाला डोळ्यांपुढे आणतो. हानझाबुरो दुष्ट नव्हता. तो चांगला माणूस होता आणि तरीही त्या सकाळी खूण करणारा हात त्याचाच होता. अशा माणसाला कशाने सोडवायचे, हा प्रश्न मला दुष्टापेक्षा अवघड वाटतो.

४ फेब्रुवारी, सायंकाळ. सुमारे १६ तास आधी

सोनोगी, ओमुरा आखाताचा काठ. ओमुराचा मुलूख ख्रिस्ती. इथला सरदार १५६३ मध्ये बाप्तिस्मा घेणारा जपानचा पहिला दाइम्यो होता. कैद्यांना होड्यांत बसवतात. हात बांधलेले. फ्रान्सिस्कनांच्या गळ्यातही दोर.

४ फेब्रुवारी, रात्री उशिरा. सुमारे ११ तास आधी

होड्या आखात ओलांडून तोगित्सूला लागतात. कुणालाही उतरू देत नाहीत. रात्र होडीतच. बाहेर दहिवर पडते.

त्यांच्यात कुष्ठरोग्यांची सेवा केलेली माणसे आहेत, स्वयंपाकघरात राबलेली माणसे आहेत. सैनिक कुणीच नाही. मरण दहा-बारा किलोमीटरांवर आहे.

५ फेब्रुवारी, पहाट. सुमारे चार तास आधी

नागासाकीत हानझाबुरोची घाई चालली आहे. शहर जवळपास सगळे ख्रिस्ती. १५७१ मध्ये बंदर उघडले, १५८० मध्ये ते येशूसंघाच्या हाती गेले, मग हिदेयोशीने ते काढून घेतले. लोक उठाव करतील ही भीती खरी आहे. कैद्यांना शहरात न आणता परस्पर टेकडीवर न्यायचे, असे तो ठरवतो.

जागेवरून बोलणी आधीच झालेली आहेत. नेहमीची जागा चोर-दरोडेखोरांना मारण्याची. शहरातल्या पोर्तुगिजांनी विनंती केली, तिथे नको. हानझाबुरोने मानले. रस्त्याच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, गव्हाचे शेत होते. क्रूसांचे खड्डे तिथे खणले गेले.

पाटीवर आकडा २४ आहे. खड्डे २६ आहेत.

सकाळी सात. सुमारे तीन तास आधी

सूर्य उगवण्याच्या सुमाराला कैदी तोगित्सूहून चालायला लागतात. कापलेला कान, महिनाभराचा रस्ता, अनवाणी पाय. पेद्रो बाप्तिस्ता थकलेला आहे. रस्त्याच्या कडेला लोक गुडघे टेकतात. शिपाई त्यांना हटकत नाहीत.

सकाळी नऊ. सुमारे एक तास आधी

उराकामी. कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयाजवळ थोडा थांबा. येशूसंघाचे फादर फ्रान्सेस्को पासिओ पुढे येतात. मिकी, जुआन आणि दिएगो पापनिवेदन करतात. जुआन आणि दिएगो इथेच संघाची व्रते घेतात. त्यांना संघीय म्हणून जगायला जेमतेम एक तास मिळणार आहे.

मरायला चाललेला माणूस पापांची क्षमा मागतो, हे बाहेरच्याला चमत्कारिक वाटेल. मारणारे पलीकडे आहेत आणि क्षमा हे मागतात! पण ख्रिस्ती माणूस यातूनच सुरुवात करतो. स्वतःला क्षमा मिळाल्याशिवाय दुसऱ्याला देण्याजोगी क्षमा आपल्याजवळ नसते. पुढच्या तासात मिकी जे करणार आहे, त्याची तयारी उराकामीच्या या थांब्यावर झाली.

सकाळी साडेनऊ. सुमारे अर्धा तास आधी

निशिझाका. भोवती भालाईत आणि बंदुकवाल्यांचे कडे. त्याच्या बाहेर सुमारे ४,००० लोक.

क्रूस जमिनीवर आडवे पडलेले आहेत. दोन आडवे दांडे, मधे टेकायला खुंटी. खिळे नाहीत. मान, मनगटे आणि घोटे यांना लोखंडी कड्या, कमरेला दोर.

पहिल्यांदा पुढे येतो गोन्सालो. साक्षींवरून लिहिलेल्या हकिकतीत आहे की तो सरळ एका क्रूसाकडे गेला आणि विचारले, हा माझा का? हा नाही, असे उत्तर आले. त्याला दुसऱ्याकडे नेले. त्याने गुडघे टेकले आणि त्या लाकडाला मिठी मारली.

साडेतीन वर्षांपूर्वी तो हिदेयोशीपुढे दुसऱ्यांचे बोलणे भाषांतरित करत होता. आता त्याने स्वतःसाठी एकच प्रश्न विचारला.

लुइसही विचारतो, माझा कोणता? त्याच्या मापाचा छोटा क्रूस तयार आहे.

सकाळी दहाच्या आधी. शेवटची पंधरावीस मिनिटे

सव्वीस क्रूस उचलतात आणि खड्ड्यांत उभे करतात. एका ओळीत, तोंडे शहराकडे.

फेलिपे दे जेझुसचा क्रूस नीट बसवलेला नाही. पाय टेकत नाहीत आणि मानेची कडी गळा आवळते. तो गुदमरतो. शिपाई थांबत नाहीत, भाले चालवतात. जपानला यायचेच नव्हते तो पहिला मेला.

तेरा वर्षांचा अंतोनिओ. आईवडील गर्दीत रडत आहेत. तो त्यांना रडू नका म्हणतो आणि स्तोत्र सुरू करतो. फ्रान्सिस्कन मार्टिन दे ला असेन्सिओनही गातो आहे.

पॉल मिकी बोलायला लागतो. क्रूस हे त्याचे शेवटचे व्यासपीठ. पाटीवर म्हटले आहे की हे लोक फिलिपिन्सचे. तो सांगतो, मी जपानी आहे. माझा एकच गुन्हा, ख्रिस्ताची शिकवण सांगितली. आणि मग: ज्याच्या हुकमाने हे होत आहे त्या हिदेयोशीला, आणि यात हात असलेल्या सगळ्यांना, मी क्षमा करतो.

इथे थांबायला हवे, कारण सगळी हकिकत याच एका वाक्यासाठी सांगितली. हिदेयोशीने त्या दिवशी सगळे ठरवले होते. गाव ठरवले, शिक्षा ठरवली, पाटीवरचे शब्द ठरवले, कान कापून त्यांच्या अंगावर आपली खूण केली. त्याला ठरवता आले नाही ते एकच: मरणारे त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतील. मारलेल्याची माणसे परत मारतात. ज्यांना त्यांनी मारले, त्यांची माणसे पुन्हा उठतात. पाप असे पुढे चालत राहते. कुणीतरी तो घाव स्वतःवर घेऊन परत देत नाही, तेव्हा त्याच्यापाशी ते संपते. येशूने क्रूसावर हे केले आणि देवाच्या प्रेमाने पापाला हरवले ते असे, हा ख्रिस्ती विश्वास आहे. मी तो मानतो. आणि त्या सकाळी गर्दीत सुमारे चार हजार लोक होते, बहुतेक ख्रिस्ती. हानझाबुरोला ज्याची धास्ती होती तो उठाव झाला नाही.

सकाळी दहा

हानझाबुरो खूण करतो. प्रत्येक क्रूसाशी दोन शिपाई. भाले दोन्ही बाजूंनी बरगड्यांखालून वर, विरुद्ध खांद्याकडे. ओळीच्या दोन्ही टोकांकडून मधे.

गर्दीतून येशू आणि मारियेच्या नावाचा घोष उठतो. लुइस, अंतोनिओ, तोमास. तोमासचा बाप मिगेल. मथियास नाव सांगितलेला तो माणूस. न बोलावता मागे चालत आलेला सुतार. गोन्सालो.

सर्वांत शेवटी पेद्रो बाप्तिस्ता. त्याच्या पंचविसांचे मरण त्याला पाहावे लागले.

त्यानंतर

लोक कडे फोडून आत घुसतात. रक्तात कापडे भिजवतात. शिपाई त्यांना मारून मागे रेटतात. हानझाबुरो टेकडी उतरताना रडत होता, असे पाहणाऱ्यांनी सांगितले.

प्रेते काढायला मनाई झाली. ती महिनोन् महिने क्रूसांवर राहिली.

हिदेयोशी १८ सप्टेंबर १५९८ रोजी मेला. १६१४ मध्ये साऱ्या जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. १६३७ मध्ये नागासाकीपासून जवळच, शिमाबारात, कराने आणि छळाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी शस्त्रे उचलली. त्यात पुष्कळ ख्रिस्ती होते. हजारो मारले गेले. निशिझाकावरची क्षमा सगळ्यांना पेलली नाही, हे लिहायलाच हवे. ज्यांच्या मुलाबाळांवर ते दिवस आले त्यांना बोल लावण्याची माझी छाती नाही.

गोन्सालोच्या वसईवर १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी भगवा लावला. पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्चे ओस पडली, गावातले ख्रिस्ती राहिले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्या सव्वीस जणांना संत घोषित केले. भारतात जन्मलेला पहिला संत वसईचा ठरला. आज वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे.

नागासाकीत एका फ्रेंच धर्मगुरूने सव्वीस हुतात्म्यांच्या नावे चर्च बांधले. बंदी तेव्हाही उठलेली नव्हती, चर्च परदेशी लोकांसाठी होते. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी काही जपानी माणसे दारात येऊन उभी राहिली. त्यातल्या एका बाईने हळूच सांगितले की आमची श्रद्धाही तुमचीच आहे. अडीचशे वर्षे धर्मगुरूवाचून, मिस्सेवाचून, घरातल्या घरात त्यांनी ती जपली होती. ती सारी उराकामीची होती. मिकी, जुआन आणि दिएगो शेवटचे थांबले ते हेच गाव.

दोन वर्षांनी या गावकऱ्यांची धरपकड सुरू झाली. तीन हजारांहून अधिक जणांना गावातून हलवून देशभर पांगवण्यात आले. परदेशी सरकारांचा दबाव वाढल्यावर, १८७३ मध्ये, ख्रिस्ती धर्म मना करणाऱ्या सरकारी पाट्या जपानभर उतरवल्या गेल्या आणि पांगवलेली माणसे उराकामीला परतली.